आवारातलं चंदन

एरंडवण्यातल्या किंवा डेक्कन जिमखान्यावरच्या माणसाला आपल्या आवारात चंदनाचं झाड होतं, हे बहुधा ते चोरीला गेल्यावरच कळतं. तोवर ते नुसतं ‘ते कुंपणाजवळचं’ असतं. चंदनापाशी कुणाचं पाऊल थबकत नाही. गुलमोहराचा भपका त्याला नाही, आणि बुचासारखी अंगणभर फुलं टाकून आपण आहोत असं कळवण्याची हौसही नाही. करडी-काळपट साल, खाली झुकलेल्या बारीक फांद्या, बेताची उंची. फुलं येतात ती डाळीएवढी, आधी गवताच्या रंगाची आणि मग हळूहळू तांबूस होत जाणारी, आणि त्यांना वास म्हणून नाही. पान चुरगाळून नाकाशी धरा, साल नखाने खरवडून बघा, काही नाही. सगळा सुगंध खोडाच्या पोटात, आणि तो गाभाही दहा-पंधरा वर्षं उलटल्याशिवाय नीट धरत नाही. जन्मभर शेजारी राहून ज्यांच्या पोटातलं आपल्याला कधी कळलं नाही अशी माणसं आमच्या भागात पुष्कळ आहेत, त्यामुळे या झाडाचंही कुणाला काही वाटलं नाही.

ते लावलंही कुणी नव्हतं. चंदन आमच्याकडे कुणी सहसा लावत नाही, पक्षी लावतात. जांभळट काळी फळं बुलबुल आणि कोकिळा खातात आणि मग जिथे बसायचं तिथे बसतात: तारेवर, कुंपणावर, कपडे वाळत घालायच्या दोरीवर. खाली पडलेलं बी कुणाच्या हद्दीत पडलं हे पाहण्याची त्यांच्यात पद्धत नाही. रोप वर आलं की आणखी एक गंमत सुरू होते. चंदन हे अर्धं परजीवी झाड. पानं हिरवी असल्यामुळे अन्न आपलं आपण शिजवतं, पण पाणी आणि क्षार यांच्यासाठी शेजारच्या झाडांच्या मुळांना आपली मुळं चिकटवून घेतं. ज्यांना त्याची रीतसर लागवड करायची असते ते म्हणून त्याच्याजवळ तूर पेरतात, मुद्दाम सोबतीला. आमच्या चंदनाला तूर कोण पेरणार? ते भिंतीखालून पलीकडे गेलं असणार, पलीकडच्या कडुनिंबाकडे. या भिंतीवरून दोन घराण्यांमध्ये एकेकाळी दिवाणी दावा चालला होता, नऊ इंच इकडे की नऊ इंच तिकडे यावर वकिलांच्या दोन पिढ्या जेवल्या, आणि जमिनीखाली मात्र हे दोघे कुणाच्या लक्षात न येता एका ताटात जेवत होते.

हे झाड ओळखणारा एकच माणूस गावात उरला आहे आणि तो चोर आहे. त्याच्या व्यासंगाचा मला मनातून आदर वाटतो. भंगार, जुने पेपर किंवा पंखेदुरुस्ती असं काहीतरी निमित्त काढून तो दिवसा गल्लीतून जातो, आणि आम्हाला जे पन्नास वर्षांत दिसलं नाही ते त्याला फाटकाबाहेरून दिसतं. पुष्कळदा खोडाला बारीक भोक पाडून तो आधी गाभा तपासतो. गाभा धरला नसेल तर झाड सोडून देतो, मुहूर्त नसलेल्या स्थळासारखं. धरला असेल तर एखाद्या रात्री करवत येते. सकाळी हातभर खुंट राहतो, फांद्यांचा पसारा शेजारच्या मोटारींवर पडलेला असतो आणि मधला तेवढा खोडाचा तुकडा नाहीसा झालेला असतो. लेखातला नेमका मुद्दाच उचलून न्यावा आणि विशेषणं मागे ठेवावीत, अशी ही चोरी.

म्हैसूरकडे टिपू सुलतानाने 1792 साली चंदनाला राजवृक्ष ठरवलं आणि ते कुणाच्याही अंगणात उगवलं तरी सरकारचं मानलं गेलं. आपल्याकडे तसं नव्हतं, पण झाड तोडायचं तर परवानगी लागते, अर्ज लागतो, पाहणी लागते. त्यामुळे आजवर ज्याला ज्याला कायद्याचा अडथळा झाला तो मालक होता. चोराला झालेला ऐकिवात नाही. त्यातल्या त्यात समाधान एवढंच की चंदनाच्या बाबतीत पुण्यात भेदभाव नाही. सरकारी बंगले, महाविद्यालयांची आवारं, लष्कराच्या पहाऱ्यातल्या जागा, सगळीकडून झाडं गेल्याच्या बातम्या वर्तमानपत्रात येतात. बंदूकधारी पहारेकऱ्यांच्या नाकाखालून जर चंदन जातं, तर आमचा वॉचमन, जो रात्री खुर्चीत बसून दुसऱ्या दिवसाच्या नोकरीची झोप काढतो, त्याला कोणत्या तोंडाने बोलणार?

तरी बोललो. खुंटाभोवती सकाळी जी मंडळी जमली त्यांनी आधी वॉचमनला, मग एकमेकांना आणि मग शहराला बोलून घेतलं. पुण्यात कोणत्याही घटनेभोवती चार माणसं जमली की तीन मिनिटांत ‘पूर्वी असं नव्हतं’ हे वाक्य येतंच. ते कुणी उच्चारलं हे महत्त्वाचं नसतं. आरतीतल्या टाळ्यांसारखं ते सगळ्यांचं असतं. पूर्वी सायकल कुलूप न लावता उभी राहायची. पूर्वी मंगळसूत्र पदराखाली झाकून फिरायला जावं लागत नव्हतं. पूर्वी टेकडीवर अंधार पडल्यावरही जाता यायचं, आता दिवसाही मोबाइल घरी ठेवून जा म्हणतात. पूर्वी कोयता उसाच्या फडात असायचा किंवा शहाळेवाल्याच्या गाडीवर. आता तो पोरांच्या शर्टाखाली असतो, आणि 2023 साली पोलिसांनी दुकानदारांना सांगितलं की कोयता विकताना गिऱ्हाइकाच्या आधार कार्डाची नोंद ठेवा. ज्या हत्याराच्या खरेदीला आयुष्यात कधी पावतीसुद्धा लागली नाही, त्याला ओळखपत्र! तळमजल्यावरच्या काकूंना यातलं दुःख वेगळंच वाटलं. नारळ सोलायला त्यांना नवा कोयता हवा होता आणि आधार कार्डावरचा फोटो पाहून दुकानदार आपल्याला देईल की नाही याची त्यांना शंका होती.

आणि मग, हळूहळू पण अटळपणे, बोलणं मुलांवर आलं. बाहेरून आलेली मुलं. कॉट बेसिसवर राहणारी, रात्री एक वाजता जिन्यात फोनवर बोलणारी, दुचाकी तिरकी लावणारी, वाढदिवसाचा केक खाण्याऐवजी एकमेकांच्या तोंडाला फासणारी. या मुलांनी चंदन तोडलं असं कुणीच म्हटलं नाही. पण झाड आणि मुलं अशा लगबगीने एका वाक्यात आली, की दोहोंचा संबंध सिद्ध झाल्यासारखा वाटला. तिसऱ्या मजल्यावर राहणारी आणि कृषी पदवीनंतर स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी एक मुलगी डबा घेऊन तिथून चालली होती. तिने खुंटाकडे पाहिलं आणि ‘अय्या, चंदन गेलं का?’ म्हणाली. सगळे तिच्याकडे वळले. तिला कसं माहीत? ती तीन वर्षं रोज पाहत होती म्हणे, आम्हालाही माहीत असेल असं समजून कधी बोलली नाही.

शहर वाढलं हे खोटं नाही. 1951 साली पाच लाखांच्या आत असलेली पुण्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 31 लाखांवर गेली. पण हे सगळं कुणी रात्री येऊन करून गेलं नाही. 1885 साली फर्ग्युसन निघालं तेव्हा आम्ही अभिमानाने छाती फुगवली. 1924 साली टेकडीखाली विधी महाविद्यालय आलं, 1949 साली गणेशखिंडीत विद्यापीठ आलं, आम्ही फुगवत राहिलो. फर्ग्युसनच्या वनस्पतिशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी 1971 साली परदेशी विद्यार्थ्यांसाठी संस्था काढली तेव्हाही आम्हाला बरं वाटलं, कारण आता पूर्वेकडचं ऑक्सफर्ड म्हणवून घ्यायला खरोखरचे परदेशी मिळाले. 1983 पासून विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि राज्याच्या कानाकोपऱ्यातून बॅगा आल्या. विद्येच्या माहेरघरी लेकी-मुलगे येऊ लागले, यात तक्रार करण्यासारखं काय होतं? शिवाय माहेरघरानेही आपलं अंग आवरलं नाही. गॅरेजमध्ये झेरॉक्स निघालं, न्हाणीघराला दार पाडून स्वतंत्र खोली झाली, आजोबांच्या अभ्यासिकेत चार कॉट बसल्या. नदीपलीकडे नव्या पेठेत आणि सदाशिवात तर वाड्यांच्या माळ्यांपर्यंत खुर्च्या लागल्या, आणि भिंतीवर ‘मौन’ अशी पाटी असलेल्या त्या खोल्यांमध्ये अर्धा महाराष्ट्र रात्रंदिवस राज्यघटना पाठ करत बसला. आमच्या कितीतरी मध्यमवर्गीय म्हातारपणांचं औषधपाणी या कॉटांवर चाललं. चंदन फक्त पाणी आणि क्षार घेतं. आम्ही डिपॉझिटही घेतलं.

बंगले पाडले तेही आम्हीच. मुलं अमेरिकेत, जिना चढवत नाही, छप्पर गळतं, बिल्डर साखरेसारखा गोड. आमचा बंगला पाडून तिथे ही सोसायटी झाली तेव्हा करारात नारळ, आंबा आणि एक पारिजातक वाचवण्याचं कलम आम्ही मोठ्या प्रेमाने घातलं होतं. चंदनाचं नाव त्यात नव्हतं. ते वाचलं ते केवळ पार्किंगच्या नकाशात न बसणाऱ्या कोपऱ्यात होतं म्हणून.

आणि ते ‘पूर्वी’ नेमकं कधी होतं, हे एकदा शोधावं म्हणून मी मनातल्या मनात मागे मागे गेलो. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं आणि पेठांमधली कितीतरी कुटुंबं ओल्या गाठोड्यांसह नदीपासून लांब सरकली, आमच्याही घरात एक कुटुंब महिनाभर राहून गेलं. तेव्हा आमचे आजोबा म्हणत असत की हा भाग आता पूर्वीचा राहिला नाही, फार वर्दळ झाली. त्याहून मागे गेलं तर 22 जुलै 1931 आहे. फर्ग्युसनच्या ग्रंथालयात वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने हंगामी गव्हर्नर हॉटसनवर गोळ्या झाडल्या. हॉटसन वाचला. सरकार दप्तरी तो गुन्हा, गावाच्या दृष्टीने पराक्रम. पण ग्रंथालयात शांतता राखावी हा नियम त्या दिवशी मोडला गेला आणि मोडणारा कॉलेजचा मुलगा होता, एवढं तटस्थपणे नोंदवायला हवं.

मात्र मधल्या एका जागी मला हसू येत नाही. जानेवारी 1976 ते मार्च 1977 या काळात या निवांत, पेन्शनरांच्या, सायकलींच्या शहरात दहा माणसं मारली गेली. त्यातली पाच एकाच घरातली, भांडारकर रस्त्यावरच्या बंगल्यात. संस्कृत व्याकरणाचा कोश करणारे काशीनाथशास्त्री अभ्यंकर, त्यांची पत्नी, दोन नातवंडं आणि घरी कामाला असलेल्या बाई. दिवेलागण झाली की रस्ते ओस पडत. दुधाची बाटली आत घ्यायला दोघं मिळून दार उघडत. दाराला भोक पाडून काच बसवायची आणि बाहेर जाळीचं आणखी एक दार लावायचं, हे आमच्या गल्लीत तेव्हा आलं. पकडले गेले ते कलेचं शिक्षण घेणारे विद्यार्थी होते, त्यांपैकी चौघांना 27 नोव्हेंबर 1983 ला येरवड्यात फाशी झाली. आज खुंटाभोवती उभे राहून ‘पूर्वी दारं उघडी असायची’ म्हणणाऱ्या आम्हा सगळ्यांच्या घरांना त्या वर्षांतली जाळीची दारं होती. इमारत नवी झाली तेव्हा काकूंनी आपलं जुनं दार सुतारापुढे हट्ट करून नव्या चौकटीत बसवून घेतलं. भीती गेली होती, पण दार मजबूत होतं.

बाहेरची मुलं म्हटलं की मला अलीकडे आणखी एक सकाळ आठवते. 27 जून 2023. सदाशिव पेठेत भर रस्त्यात एक तरुण कोयता घेऊन एका मुलीच्या मागे धावला. माणसं होती, दुकानं उघडी होती. पण मध्ये पडून तो कोयता अडवला तो स्पर्धा परीक्षेच्या तयारीला गावाकडून आलेल्या मुलांनी. त्या दिवशी सगळ्या शहराने त्यांना डोक्यावर घेतलं आणि आमच्या सोसायटीच्या गटावरही नमस्कारांची रांग लागली. चार दिवसांनी त्याच गटावर, कॉट बेसिसवाल्यांनी लिफ्टमध्ये सायकल नेऊ नये असा संदेश आला. मला यात विसंगती वाटली नाही. घरच्या मुलाचंही आपण असंच करतो.

तर पंचनामा. फौजदारसाहेब स्वतः आले, वयाने तिशीच्या आत, बोलण्यात मराठवाड्याचा मऊ हेल. त्यांनी खुंटाचा फोटो काढला, हवालदाराने टेप धरला.

‘बुंधा किती होता?’

‘चांगला होता,’ सेक्रेटरी म्हणाले.

‘उंची?’

यावर मतभेद झाले. कुणी दुसऱ्या मजल्याची गॅलरी म्हणालं, कुणी वायरपर्यंत. जे झाड कुणी पाहिलंच नव्हतं त्याची उंची दर माणसागणिक वाढत गेली.

‘लावलं कुणी होतं?’

‘बुलबुलाने,’ तिसऱ्या मजल्यावरची मुलगी म्हणाली. हवालदाराने लिहायला पेन टेकवलं आणि साहेबांकडे पाहून पुन्हा उचललं.

‘जागा कुणाच्या नावावर?’

इथे शांतता पसरली. कन्व्हेयन्स डीड अजून झालेलं नाही, त्यामुळे जागा कागदोपत्री बिल्डरची. म्हणजे जमीन बिल्डरची, झाड पाखराचं, मुळं निम्मी शेजाऱ्यांकडे. फिर्याद मात्र चेअरमननी द्यायची, आणि त्यांची प्रकृती सकाळपासून बरी नव्हती. किमतीच्या रकान्यापाशी तर सगळेच अडले. बाजारभाव चोराखेरीज कुणालाच माहीत नव्हता.

एवढ्यात काकू चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या आणि साहेबांकडे बघतच राहिल्या. आमच्या जुन्या बंगल्याच्या गॅरेजमध्ये त्यांनी पुष्कळ वर्षं मुलांची खाणावळ चालवली होती. भाजी, आमटी, तीन पोळ्या, भात, रविवारी गोड आणि संध्याकाळची सुट्टी. भिंतभर पाट्या होत्या, कारण काकूंचा तोंडी व्यवहारावर विश्वास नव्हता. शेकडो पोरं जेवून गेली. चेहरे त्यांना आठवतात असं त्या म्हणतात, पण खरं तर त्यांना पोळ्या आठवतात.

‘अरे, तू सहा पोळ्यांचा ना?’

साहेबांनी टोपी काढली. हवालदार दुसरीकडे बघू लागला.

‘काकू, तुम्ही अजून इथेच?’

‘मी कुठे जाणार? गॅरेज गेलं तेवढं. बारीक झालास. जेवतोस कुठे?’

‘ड्यूटीवर काय, कुठेही.’ साहेबांनी चहा घेतला आणि एकदम आठवल्यासारखे म्हणाले, ‘पण काकू, तुम्ही माझे चार खाडे धरले नव्हते. वडिलांना ॲडमिट केलं म्हणून गावी गेलो होतो तेव्हा.’

‘दोन दिवस आधी सांगितलं होतंस?’

‘रात्री निरोप आला, पहाटेच्या एसटीने निघालो. आधी कसं सांगणार?’

‘पाटी होती.’

‘पाटी होती,’ साहेबांनी मान्य केलं. कायदा त्यांना कळत होता.

सेक्रेटरींनी खाकरून विषय मूळ मुद्द्यावर आणायचा प्रयत्न केला. ‘साहेब, ते किमतीचं काय लिहायचं?’

‘तुम्ही थांबा हो जरा,’ काकू म्हणाल्या. ‘झाड काही आता परत येत नाही. याच्या खाड्यांचं तेवढं बघता येईल. वडील कसे आहेत रे? आणि तेव्हा महिन्याचा दर काय होता आपला?’